नांगर : पाण्यातला आणि रानातला

१

मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांत समुद्र वारंवार येतो. वादळ, तारू, शीड, दीपस्तंभ, अनोळखी बेट, दूरचा किनारा आणि या साऱ्यांत जिवाला धरून ठेवणारा नांगर ही प्रतिमासृष्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याकडे आपण प्रतिमा म्हणून पाहतच नाही. वसई, उत्तन, गोराई या किनारपट्टीवर घडलेल्या कवीला ती सुचावी यात नवल नाही. होडी परतेपर्यंत ज्या वस्तीतल्या घरांचे डोळे पाण्याकडे लागलेले असतात, त्या वस्तीत नांगर हा अलंकार नसतो, ती रोजच्या हातातली वस्तू असते. परंतु हीच गीते मराठवाड्यातही गाइली जातात. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हिंगोली जिल्हा येतो, आणि हिंगोलीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद पिकवणाऱ्या या मुलखातला भाविक जेव्हा जीवनतारू आणि आशेचा नांगर यांविषयी गातो, तेव्हा ती प्रतिमा त्याची स्वतःची असते की उसनी?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. ख्रिस्ती साहित्याचे देशीकरण व्हावे असे म्हणणारे सांगतात की, समुद्राच्या प्रतिमा बाहेरून आलेल्या आहेत; त्या काढून तिथे माती, बैल, पाऊस आणाव्यात. दुसरा पक्ष म्हणतो की, पवित्र शास्त्रातल्या प्रतिमा सर्व मानवजातीच्या आहेत, त्यांना हात लावण्याचे कारण नाही. या दोन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. प्रतिमा कोठून आली याचाच विचार ती करतात. ती कवितेत कोणते काम करते हे कोणी तपासत नाही. प्रस्तुत लेखात एकच प्रतिमा घेऊन ही तपासणी करावयाची आहे. दूरच्या, अनोळखी बेटापाशी येऊन पोहोचलेले गलबत नांगर टाकते, ही ती प्रतिमा. त्यासाठी आपल्या परंपरेतील काही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचणे उपयोगाचे होईल : नरसीच्या नामदेवांचे एक पद, नव्या करारातील दोन उतारे, आणि संत फ्रान्सिस झेवियरने गोव्याहून लिहिलेले एक पत्र.

२

आरंभ शब्दापासूनच करू. मराठीत जमीन नांगरण्याचे अवजार म्हणजे नांगर, आणि गलबत स्थिर करण्याचे लोखंडी साधन म्हणजेही नांगर. दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दापासून आला. समुद्रातला नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दापासून. दोन दिशांनी आलेले दोन शब्द मराठीच्या तोंडात एक झाले. हा योगायोग आहे, पण भाषेतील योगायोग कवीच्या दृष्टीने निरर्थक नसतात. मराठी बायबलमध्ये नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी येशू लूकच्या शुभवर्तमानात (९:६२) बोलतो तेव्हा ‘नांगर’ हा शब्द येतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) आशेला उपमा दिली जाते तेव्हाही ‘नांगर’ हाच शब्द येतो. ग्रीक, लॅटिन वा इंग्रजी वाचकाला ही दोन वचने एकमेकांची आठवण करून देणार नाहीत. मराठी वाचकाला ती देतात, निदान द्यावयास हवीत.

वस्तूंच्या कार्यातही हे नाते शोधता येते. नांगर केवळ आपल्या वजनाने गलबत धरून ठेवतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक नांगर धरतात ते तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुतून. त्यासाठी पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब साखळी किंवा दोर सोडावा लागतो, म्हणजे ओढ आडवी पडते आणि नांगराचे दात तळात शिरतात. दोर आखूड पडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर निसटतो. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ साली छोट्या शिडाच्या नौकांसाठी जो नांगर शोधून काढला, त्याचा आकार तर शेतातल्या नांगराच्या फाळासारखाच आहे. पाण्यातला नांगर धरतो तो जमिनीत फाळासारखा घुसतो म्हणून. हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी भाषेने दोन्ही वस्तूंना एकच नाव दिले यात कवीला पुरेल एवढे सत्य आहे, असे म्हणावे लागते.

३

आता हिंगोली जिल्ह्यातल्याच एका कवीकडे वळू. नामदेवांचा जन्म परंपरेने १२७० साली नरसी येथे झाला असे मानतात. आज नरसी नामदेव या नावाने ओळखले जाणारे हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. त्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश मिळाल्याची कथा सर्वश्रुत आहे. पुढे ते पंजाबात गेले, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली.

या पदांतील एका पदाचा भाव आपल्या विषयाशी थेट भिडणारा आहे. कवी देवाला तारून नेण्याची विनवणी करतो, आणि कारण सांगतो ते असे की, आपण अजाण आहोत, आपल्याला पोहता येत नाही. तेव्हा बापाप्रमाणे विठ्ठलाने हात पुढे करावा. भवसागर ही कल्पना नामदेवांची नव्हे. ती त्यांच्या आधी शेकडो वर्षे भारतीय भाषांत चालत आली होती आणि त्यांच्या काळीही चांगलीच झिजलेली असणार. नामदेव शिंप्याच्या घरात वाढले. ते जेव्हा मनाला गज म्हणतात, जिभेला कात्री म्हणतात, सुई-दोऱ्याने चित्त देवाला शिवतात, तेव्हा प्रतिमा हातातल्या धंद्यातून येते. समुद्र मात्र त्यांच्या हातातला नव्हता. तरीही वरील पदातला समुद्र खोटा वाटत नाही. याचे कारण, कवीने समुद्राचे वर्णन केलेलेच नाही. लाटा, वारा, खोली यांपैकी कशाचाही पसारा न मांडता त्याने फक्त आपल्याला पोहता न येणे तेवढे सांगितले. नदीकाठच्या गावात पोहता न येणाऱ्या मुलाला जी भीती वाटते, ती त्याने उसन्या समुद्रात नेऊन ठेवली. समुद्र परंपरेचा राहिला. भीती नरसीची होती.

आपल्याला हे पद वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातला (१४:३०-३१) बुडू लागलेला पेत्र आठवेल. तोही ओरडतो आणि येशू हात पुढे करून त्याला धरतो. दोन्ही ठिकाणी हात हाच आधार आहे. या साम्यावरून नामदेवांना आपल्या पंगतीला ओढण्याचे कारण नाही. ते विठ्ठलाचे आहेत आणि विठ्ठलाचेच राहतील. साम्यातून घ्यावयाचा धडा काव्याचा आहे : प्रतिमा जन्माने उसनी असली तरी कवीने तिला स्वतःच्या गरजेच्या कामाला लावले की ती त्याची होते. समुद्र न पाहिलेल्या माणसाने समुद्राविषयी लिहू नये, हा देशीकरणवाद्यांचा आक्षेप नामदेवांपुढे टिकत नाही.

मात्र इथेच एक भेद स्पष्ट करावयास हवा. भवसागराच्या संपूर्ण प्रतिमाव्यवस्थेत तारू आहे, नावाडी आहे, पैलतीर आहे. नांगराला मात्र तिथे जागा नाही. भवसागरात कोणाला थांबावयाचे नसते. तो तरून जावयाचा असतो. आपल्या कित्येक गीतांत भवसागर, पैलतीर आणि नांगर एकाच कडव्यात सुखाने नांदतात. भवसागरात मध्येच नांगर टाक अशी विनवणी करणे म्हणजे, संताच्या भाषेत बोलायचे तर, मला या संसारातच अडकवून ठेव असे मागणे होय. कवीच्या मनात तसे नसते. तो दोन परंपरांतले शब्द ऐकून माहीत असल्याने शेजारी शेजारी ठेवतो. असे मिश्रण म्हणजे दोन धर्मपरंपरांची भेट, असा गैरसमज होण्याची शक्यता आहे. भेट व्हावयाची तर आधी दोघांचे वेगळेपण कळले पाहिजे.

४

मग ख्रिस्ती परंपरेतला नांगर काय काम करतो? रोमच्या प्रिसिल्ला भुयारी दफनभूमीत प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी भिंतींवर आणि थडग्यांवर नांगर कोरले. त्यामागे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील उपमा असावी, असे सामान्यतः मानले जाते. ही उपमा नीट वाचली तर चमत्कारिक आहे. आशा हा जिवाचा नांगर आहे इतके म्हणून पत्रकर्ता थांबत नाही. तो नांगर पडद्याच्या आत, मंदिरातल्या अंतर्भागात पोहोचला आहे असे तो पुढे सांगतो. म्हणजे हा नांगर समुद्राच्या तळाशी पडलेला नाही. गलबत अजून पाण्यात आहे, लाटा त्याला हलवीत आहेत. पण नांगर अगोदरच पैलतीरी जाऊन रुतला आहे. भारतीय प्रतिमेत जीव पैलतीराकडे जातो. इथे पैलतीराने जिवाला दोर लावून धरले आहे. या दोन भावावस्था वेगळ्या आहेत. तारून ने म्हणणारा आर्ततेने बोलतो. नांगर पडला आहे असे म्हणणारा हेलकावे खात धीराने थांबतो. दोन्हींना काव्यात स्थान आहे, पण एका कडव्यात दोन्ही कोंबली की दोन्ही विझतात.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय तर नांगर आणि बेट यांचे साक्षात आख्यानच आहे. संत पौलाला कैदी म्हणून नेणारे गलबत चौदा दिवस वादळात भरकटते. रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. खडकांवर आदळू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. त्यानंतरचा तपशील आपल्या प्रवचनांत क्वचित येतो. पुढच्या बाजूने नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी लहान होडी पाण्यात सोडतात. बेत असतो पळून जाण्याचा. पौल तो ओळखतो. पहाटे तो भाकर मोडतो आणि गलबतावरची २७६ माणसे जेवतात. उजाडल्यावर नांगरांचे दोर कापून ते समुद्रातच सोडून दिले जातात, गलबत उथळावर रुतून फुटते, आणि सगळे जण मिळेल त्या फळीच्या आधाराने बेटावर पोहोचतात. बेट मेलीता, म्हणजे आजचे माल्टा, असल्याचे त्यांना नंतर कळते. तिथले अनोळखी लोक पावसात आणि थंडीत त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात.

माल्टा उष्ण कटिबंधातले बेट नव्हे, पण अनोळखी बेटापाशी नांगर टाकण्याचा अर्थ या कथेइतका परखडपणे क्वचितच कुठे आला असेल. नांगर कधी भयाने टाकला जातो. कधी तो पळून जाण्याचे निमित्त होतो. कधी तो कापून टाकावा लागतो, आणि शेवटी माणसे वाचतात ती बेटावरच्या परक्यांच्या आदरातिथ्याने. आपल्या गीतांतला नांगर मात्र सदैव एकाच अर्थाने, सुरक्षिततेच्या अर्थाने, चकाकत असतो. शास्त्रातला नांगर आपल्या कवितेतल्या नांगरापेक्षा जास्त अनुभवी आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

५

उष्ण कटिबंधातल्या दूरच्या बेटावर नांगर टाकल्याचा आपल्या परंपरेला जवळचा दाखला म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा. ७ एप्रिल १५४१ रोजी तो लिस्बनहून निघाला. मोझांबिकला अनेक महिने मुक्काम करून, मेलिंदेवरून पुढे येत ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचला. वाटेत गलबत सोकोत्रा बेटापाशी थांबले. अरबी समुद्रात, येमेन आणि सोमालिया यांच्या दरम्यान, हे बेट आहे. २० सप्टेंबर १५४२ रोजी गोव्याहून रोममधील आपल्या सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात झेवियरने त्याविषयी लिहिले आहे. हे पत्र आपण संतचरित्राचे साधन म्हणून वापरतो. साहित्य म्हणून ते अजून पुरेसे वाचलेले नाही.

पत्रातील बेटाचे वर्णन प्रथम अभावांची यादी करते. गहू नाही, तांदूळ नाही, भरड धान्य नाही, द्राक्षारस नाही. जमीन रुक्ष, उष्मा प्रखर. खजूर मात्र भरपूर असून त्याचीच भाकर होते, गुरेही भरपूर. ही नजर गलबतावरून पाहणाऱ्याची आहे. नांगर टाकल्याबरोबर खलाशी आधी विचारतो तेच ती विचारते : इथे काय मिळेल? पण पुढच्या काही ओळींत ही नजर बदलते. बेटावरचे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, संत थॉमसचा अभिमान बाळगतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांची चर्चेस आहेत, क्रूस आहेत, दिवे आहेत. घंटा नाहीत, लोकांना प्रार्थनेसाठी बोलावण्यासाठी ते लाकडी फळ्या वाजवतात, जसे आपण पवित्र आठवड्यात वाजवतो, असे झेवियर लिहितो. या एका तुलनेत परके बेट क्षणभर ओळखीचे होते. त्यांचे धर्मगुरू ज्या भाषेत प्रार्थना म्हणतात ती त्यांना स्वतःलाच कळत नाही, असेही तो नोंदवतो. अशी नोंद करणारा स्वतः लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करीत होता, हे वाचकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतर पत्रात एक छोटा प्रसंग येतो. दोन लहान मुलांना झेवियर बाप्तिस्मा देऊ पाहतो. ती मुले मुसलमान आईची आहेत हे त्याला माहीत नसते. मुले त्याच्यापासून पळून आईकडे जातात, आणि आई रडत येऊन तसे करू नये म्हणून विनवते. हा प्रसंग झेवियर लपवत नाही. कदाचित त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटलेही नसेल. पण पत्र लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा पत्र मोठे असते. आज ते वाचताना त्या पानावर सर्वांत ठळक उरते ती धर्मांतराची आकडेवारी नव्हे, पळालेली दोन मुले आणि रडणारी आई. ज्या लेखनात लेखकाविरुद्धची साक्षही सुरक्षित राहते, ते लेखन प्रचाराच्या पलीकडे जाते. झेवियरच्या पत्राचे साहित्यमूल्य माझ्या मते इथे आहे.

बेटावरच्या लोकांनी त्याला राहण्याचा आग्रह केला. त्याचीही इच्छा होती. तुर्कांच्या भीतीने गव्हर्नरने परवानगी नाकारली आणि गलबताने नांगर उचलला. पुढील दोनएक शतकांत सोकोत्रावरचा ख्रिस्ती समाज नाहीसा झाला. काही दिवसांच्या नांगराने तिथे काय रुजले असते, हा प्रश्न इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे.

दहा वर्षांनी दुसरे बेट आले. चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्शियान बेटावर झेवियर १५५२ मध्ये उतरला. मुख्य भूमीवर नेण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याची तो वाट पाहत राहिला. आजारी पडल्यावर त्याला गलबतावर नेले, तर नांगरलेल्या गलबताचे हेलकावे त्याला सोसेनात. पुन्हा किनाऱ्यावर आणले. ३ डिसेंबर १५५२ रोजी तिथेच त्याचे निधन झाले. आपली गीते नांगराला विश्रांतीचे प्रतीक मानतात. नांगरलेले गलबतही स्थिर नसते, हे सान्शियानच्या किनाऱ्याने दाखवून दिले आहे.

६

नांगराविषयी आणखी एक गोष्ट आपल्या कवितेत येत नाही. उष्ण कटिबंधातल्या बेटांभोवती प्रवाळांच्या रांगा असतात. वाळूत नांगर धरतो. प्रवाळावर तो नीट धरत नाही, आणि शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ मात्र मोडतो. म्हणून आज अनेक बेटांपाशी नांगर टाकण्यास मनाई असते आणि नौका तरंगत्या बोयांना बांधाव्या लागतात. आपल्या इतिहासाला हे लागू पडते. ज्या गलबतांतून शुभवार्ता गोव्यात आली, त्याच गलबतांतून सत्ताही आली. झेवियरने स्वतः १५४६ साली पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशनची मागणी केली होती, आणि १५६० साली ते गोव्यात सुरू झाले. नांगराची प्रतिमा वापरणाऱ्या ख्रिस्ती कवीला तो कोणत्या तळावर पडला, आणि त्याने काय मोडले, हे प्रश्न टाळता येणार नाहीत.

शिवाय नांगर टाकणारा कोण हाही प्रश्न आहे. मॉरिशस या बेटावर १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे सुमारे पाच लाख भारतीय नेण्यात आले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या बंदरात त्यांचे जहाज नांगरले तेव्हा तो नांगर त्यांनी टाकलेला नव्हता आणि उचलण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. तरी त्यांनी तिथल्या उसाच्या मळ्यांत घाम गाळला, गणपती बसवला, मुलांना मराठी शिकवले. तिथे आजही मराठी आहे. दुसऱ्याने टाकलेल्या नांगरापाशी आपले मूळ धरणे हा अनुभव हिंगोली-जालन्याच्या ख्रिस्ती समाजाला कळण्यासारखा आहे. गाव सोडून ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांना तो कोणी समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या कवितेत मात्र तो फारसा उतरलेला नाही.

७

सोकोत्रावरचा नांगर काही दिवसांत उचलला गेला. त्यानंतर सदतीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, तिथेच राहिला. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे समुद्रातला नांगर शेतातला नांगर झाल्याचे मराठी साहित्यातले सर्वांत मोठे उदाहरण होय. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्ञानदेव-एकनाथांच्या छंदात लिहिला गेला. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढलेल्या या माणसाने मराठीची थोरवी गाताना जे दृष्टांत घेतले, ते फुलांचे, सुगंधांचे, पक्ष्यांचे, रत्नांचे आणि ताऱ्यांचे आहेत. गलबताचा एकही नाही. त्याने आपला अनुभव बाजूला ठेवून ऐकणाऱ्याच्या अनुभवात नांगर घातला. नामदेवांनी परंपरेचा समुद्र घेऊन त्यात आपली भीती ओतली. स्टीफन्सने आपला समुद्र सोडून परक्या भाषेची जमीन कसली. दिशा उलट्या आहेत, पण दोघांच्याही लेखनात प्रतिमा गरजेतून आली आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. पाणी ओलांडण्याची ही जमिनीवरच्या माणसाची प्रतिमा आहे, आणि ती आजही ताजी वाटते. २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव येथे, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईच्या किनाऱ्यावरचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. किनारा आणि मराठवाडा यांत भाषेचे अंतर नाही, एवढे तरी त्या घटनेने सिद्ध केले. अंतर आहे ते आपल्या प्रतिमांच्या आळसात.

मग हिंगोलीच्या कवीने नांगराची प्रतिमा सोडावी काय? माझे मत असे आहे की सोडू नये. पण तिला कामाला लावावे. त्याच्या भाषेत नांगर हा शब्द दुहेरी आहे, आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात त्या फारसी शब्दाचे तिसरे रूपही जिवंत आहे. फारसी कोशात ‘लंगर’ म्हणजे गलबताचा नांगर, आणि ‘लंगर’ म्हणजे गोरगरिबांना अन्न मिळण्याचे ठिकाणही. नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, जिथे नामदेवांच्या पदांसह गुरुग्रंथसाहिबाचे पठण होते, तिथल्या लंगरात कोणालाही जात-धर्म न विचारता जेवायला बसवतात. नांगर, लंगर आणि पहाटे गलबतावर मोडलेली पौलाची भाकर या तीन गोष्टी एकमेकींपासून किती जवळ आहेत, हे मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती कवीइतके कोणालाही सहज दाखवता येणार नाही. आशा म्हणजे नांगर हे वचन तो नव्याने वाचू शकतो : आशा म्हणजे जमिनीत घुसणारा फाळ आणि भुकेल्यांसाठी मांडलेली पंगत. त्यासाठी त्याला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.

गीतसंग्रहांच्या संपादकांपुढे यातून एक साधी कसोटी ठेवता येईल. ज्या गीतात नांगर येतो, त्या गीताला तीन प्रश्न विचारावेत : हा नांगर कोणी टाकला, कोणत्या तळावर टाकला, आणि गलबत हलते आहे हे कवीला ठाऊक आहे काय? ज्या गीताला यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही, ते किनाऱ्यावरचे असो वा मराठवाड्यातले, त्यातली प्रतिमा उसनीच समजावी. ज्याला देता येते, ते हिंगोलीच्या एखाद्या छोट्या चर्चमध्ये, खरिपाच्या पेरणीआधीच्या रविवारी, निःशंकपणे गायला द्यावे.